मामाचं गाव सांगायला पाच मिनिटं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ताईबाई अजिबात घाबरली नाही. टेबलावर पडल्या पडल्या तिने डॉक्टरांना त्यांचं मूळ गाव विचारलं, आणि त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न अजून व्हायचंय हेही बोलता बोलता काढून घेतलं. ती घाबरली नंतर, सिस्टरने पथ्यांचा कागद वाचून दाखवला तेव्हा. वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, टीव्ही नाही, आणि आठ दिवस मोबाइलकडे बघायचं नाही.

"बाकी बठ्ठं चालेल," ताईबाई म्हणाली, "पण मोबाइलचं काय करू? माझी चार लग्नं अडकलीत."

बाईंना अजून गुंगी आहे, असं सिस्टरला वाटलं.

पण त्यात खोटं काही नव्हतं. ताईबाई पारोळ्याची. तीस वर्षं ती लग्नं जुळवत आली होती. पारोळा, अमळनेर, धुळे, इकडे थेट जळगावपर्यंत कोणत्या गावात कोणाच्या घरी लग्नाचं पोर आहे, त्याचं आजोळ कुठलं, कोणाची सोयरीक मोडली आणि खरं कारण काय होतं, हे तिला वहीशिवाय पाठ होतं. याचे ती पैसे घेत नसे. लग्नात पुढच्या रांगेतली खुर्ची आणि एक बरं लुगडं मिळालं की तिचं भागे. पूर्वी तिच्या पिशवीत बायोडेटांचं बाड असायचं. आता ते सगळं मोबाइलमध्ये गेलं होतं, वधू-वरांच्या सात ग्रुपांमध्ये, आणि त्यातल्या तीन ग्रुपांची ॲडमिन ती स्वतः होती.

ऑपरेशननंतरचे दिवस ती जळगावात कुंदनकडे राहणार होती. कुंदन तिच्या भावाचा मुलगा, पाइपच्या कारखान्यात नोकरीला. खान्देशात आत्येला फुई म्हणतात, म्हणून कुंदन आणि त्याची बायको मेघा तिला फुई म्हणत, आणि त्यांची चौदा वर्षांची भूमिका म्हणे फुईआजी. मेघा सराफ्यात एका पेढीवर दागिने दाखवायच्या कामाला होती, ती रात्री आठला येई. भूमिकेची शाळा सकाळची. त्यामुळे दुपारभर घरात दोघीच: एक काळा गॉगल लावून पलंगावर बसलेली, दुसरी नववीचा अभ्यास पुढे घेऊन बसलेली.

दुसऱ्याच दुपारी ताईबाईने अभ्यास बाजूला ठेवायला लावला.

"डॉक्टरांनी मला बघू नको म्हटलंय. ऐकू नको म्हटलेलं नाही. तू वाच."

भूमिका वाचू लागली. तिला मजाच वाटली. "मुलाचे नाव चिरंजीव अमुक. उंची पाच फूट सात. वर्ण निमगोरा. शिक्षण बी. कॉम."

"निमगोरा म्हणजे सावळा," ताईबाई म्हणाली. "पुढे."

"नोकरी, नामांकित कंपनीत."

"नाव सांगत नाही म्हणजे नामांकित नाही. पुढे."

"अपेक्षा, मुलगी सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष आणि..." इथे भूमिकेचा आवाज थबकला, आणि मग एकदम मऊ होऊन आला. "आणि अनुरूप."

ताईबाईने गॉगलाआडून मान वळवली. तीस वर्षं मुलीकडच्यांचा होकार ती शब्दांवरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखत आली होती.

"तुझ्या फोनवर कोणाचं काय आलं?"

"काही नाही."

"बी. कॉम. झालेल्या सावळ्या मुलाचा बायोडेटा वाचून कोणी असं गालात हसत नाही. हाऊ कोन शे?"

भूमिकेशी ती एरवी शहरी मराठी बोले, पण मन हललं की अहिराणी यायचीच. भूमिकेने आपला फोन उलटा ठेवला. मग तिने विचार केला असावा की जिला दिसत नाही आणि जी आठवड्याने पारोळ्याला निघून जाणार आहे, तिला सांगायला काय हरकत आहे.

तो स्वप्नील होता. इन्स्टावरचा. भूमिका तिथे मेंदीच्या नक्षीचे फोटो टाकायची. त्याला तीन आठवड्यांपूर्वी ती नक्षी आवडली, मग गप्पा सुरू झाल्या. सतरा वर्षांचा, धुळ्याचा, बारावीत. क्रिकेट खेळतो. खूप छान बोलतो, मैत्रिणींसारखा कंटाळत नाही, आणि तिच्या मेंदीचं मोठं पेज काढून द्यायचं म्हणतो.

आता फुईआजी ओरडेल म्हणून भूमिका अंग चोरून बसली. ताईबाई मात्र पलंगावर नीट मांडी घालून बसली.

"स्थळ आलं की पहिली चौकशी."

"फुईआजी, ते स्थळ नाहीये. मी नववीत आहे."

"मला कळतं. पण ज्याला आपल्या पोरीची माहिती हवी, त्याने आपली द्यावी. लिही. धुळ्यात कुठे राहतोस?"

भूमिकेने नाक मुरडत लिहिलं. उत्तर आलं: देवपूर.

"आडनाव?"

"पाटील म्हणतोय."

"खान्देशात पाटील सांगणं म्हणजे मला दोन कान आहेत असं सांगणं. विचार, मामा कुठला."

"असं कोणी विचारतं का?"

"सगळे विचारतात. तुझे विचारत नाहीत म्हणून मी विचारते आहे."

उत्तर यायला या वेळी वेळ लागला. आधी आलं, 'तू अचानक आजीसारखं काय विचारायला लागलीस?' आणि सोबत हसून लोटपोट झालेला चेहरा. भूमिका घाबरली, पण ताईबाईने सांगितलं, लिही, आमच्याकडे असंच विचारतात. मग बराच वेळ काही नाही. गॅसवर चहा उकळून उतू जायला आला, तेव्हा उत्तर आलं: मामाचं गाव आंबेपिंपळे, मामाचं नाव हिलाल.

ताईबाईचा चेहरा उजळला. आंबेपिंपळ्याचा हिलाल तिला चांगला माहीत होता. त्याच्या दोन चुलतबहिणींची लग्नं तिनेच जुळवली होती. तिने भूमिकेकडून लगेच फोन लावून घेतला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारलं, "हिलाल, तुनी धुळानी बहीण, तिना पोऱ्या केवढा व्हयना रे?"

"स्वप्नील? बारावीले शे," हिलाल म्हणाला. "क्रिकेट खेळस. अभ्यासना नावे बोंब शे. काबरं? आत्तेच स्थळ काढतीस का?"

"नही रे. सहज."

फोन ठेवून ताईबाईने निकाल दिला. मुलगा आहे, घर चांगलं आहे, मामा देवमाणूस आहे. "बोल त्याच्याशी, पण मर्यादेत. आणि रात्री आईला सांगून टाक."

"सांगते," भूमिका म्हणाली.

रात्री मेघा थकून आली, पोळ्या लाटायला घेतल्या, आणि भूमिकेने काही सांगितलं नाही. सांगितलं नाही हे ताईबाईला ऐकू आलं, पण तीही बोलली नाही. पोरीच्या विश्वासातली एकुलती एक मोठी बाई होणं तिला आवडलं होतं, आणि आठ दिवस गॉगल लावून बसायचं तर एवढी करमणूक हवीच, असंही तिने स्वतःला समजावलं.

चौथ्या दुपारी डोळ्यात थेंब घालताना भूमिकेचं लक्ष फोनकडे गेलं आणि एक थेंब गालावर पडला.

"काय व्हयनं वं?"

"काही नाही. स्वप्नील फोटो मागतोय."

"मेंदीचा?"

"माझा. जो मी कुठेच टाकलेला नाही असा. फक्त त्याच्यासाठी. आणि म्हणतो, आपलं बोलणं कोणाला सांगायचं नाही, मैत्रिणींनाही नाही, त्या जळतात."

ताईबाई डोळे मिटून पडली होती, थेंबांनंतर पाच मिनिटं तसंच पडायचं असतं. त्या पाच मिनिटांत तिला एक गोष्ट खटकली. खरं तर ती परवापासूनच खटकत होती, पण ओळखीचं गाव ऐकल्याच्या आनंदात तिने तिला बाजूला सारलं होतं.

"भूमिका, परवा त्याने मामाचं गाव किती वेळाने सांगितलं?"

"पाच मिनिटं लागली असतील. चहा उतू जात होता."

"मामानं गाव सांगाले पाच मिनिटं लागतस का?" ताईबाई उठून बसली. "झोपेतून उठवून विचारलं तरी पोरगं मामाचं गाव सांगतं. तू सांग, तुझा मामा कुठला?"

"चोपडा."

"बघ."

भूमिका बचावासाठी म्हणाली, त्याला आई हाक मारत असेल, नेट गेलं असेल. ताईबाईने वाद घातला नाही. सोयरिकीत शंका आली की ती समोरच्याला खोटं पाडायला जात नसे, उलट त्याला बोलायला आणखी जागा करून देत असे. तिने एक वाक्य लिहायला सांगितलं. भूमिकेने ते लिहिलं: 'हिलालमामाचा पाय आता कसा आहे?'

"त्यांच्या पायाला काय झालंय?" भूमिकेने विचारलं.

"मला काय माहीत? परवा तर ठणठणीत होता."

या वेळी सात मिनिटं लागली. दोघी फोनकडे तोंड करून बसल्या, एक बघत आणि एक न बघता. मग भूमिकेने अगदी हळू आवाजात वाचलं: 'बरा आहे आता. पुढच्या आठवड्यात प्लास्टर काढतील. मी रोज फोन करतो मामांना.'

ताईबाईने लगेच हिलालला फोन लावायला लावला, आणि भूमिकेला पुरतं ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"हिलाल, तुना पाय कसा शे?"

"मना पायले काय व्हयनं? मी आत्ते वावरमाईन उनू."

"प्लास्टर नही ना?"

"ताईबाई, तुना डोयाना ऑपरेशन व्हयना का डोकाना?"

भूमिकेला हसू आलं, पण प्लास्टरचा मेसेज तिच्या हातात तसाच उघडा होता. हिलालकडून धुळ्याच्या बहिणीचा नंबर मिळाला. तिथे खुद्द स्वप्नील फोनवर आला, फुटलेल्या, घोगऱ्या आवाजाचा. भूमिका नावाची कोणी मुलगी त्याला माहीत नव्हती. त्याने नाव विचारून भूमिकेच्या यादीतलं ते खातं शोधलं आणि त्यातले फोटो एकेक करून उघडून पाहिले.

"आजी, फोटो माझेच आहेत," तो शेवटी म्हणाला. "पण खातं माझं नाही."

त्याचं खरं खातं वेगळं होतं आणि ते सताड उघडं होतं. कोणीही यावं, बघावं. त्यात मामाच्या मळ्यातले फोटो, खाली 'आंबेपिंपळे, हिलालमामांसोबत'. घरात कानबाई देवी बसवली तेव्हाचा फोटो, खाली काका-काकूंची नावं. देवपुरातलं घर, कॉलेज, वाढदिवसाचा केक आणि त्यावर सतराचा आकडा. ताईबाईला आता उलगडलं. तिच्या प्रत्येक प्रश्नाला तो कोणीतरी या मुलाचं खातं उघडून, शोधून उत्तर देत होता. मोडलेला पाय तेवढा त्यात सापडला नाही, म्हणून प्लास्टर त्याने पदरचं घातलं.

आयुष्यभर तिचा एक नियम होता: गाव खरं, मामा खरा, घर खरं, की माणूस खरा. इथे गाव, मामा, घर सगळं खरं निघालं होतं आणि माणूस मात्र दुसराच.

ताईबाई या विचारात असताना भूमिकेने रागाच्या भरात लिहून टाकलं: 'तू स्वप्नील नाहीस. आम्हाला कळलंय.'

उत्तराला या वेळी पाच मिनिटं लागली नाहीत. भूमिका वाचेना, तेव्हा ताईबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"वाच, माय. तू वाचते आहेस, मी ऐकते आहे. दोघी आहोत."

भूमिकेने तुकड्या तुकड्याने वाचलं. पहिल्या आठवड्यात तिने त्याला एक फोटो पाठवला होता, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये मैत्रिणीसोबत हसतानाचा. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण तो लिहीत होता की याच फोटोचं मी काय बनवतो ते बघ, आणि मग तुझ्या शाळेच्या प्रत्येक ग्रुपवर तो जाईल. मी मागतो तसे फोटो पाठवलेस तर गप्प बसतो. उद्यापर्यंत वेळ.

शाळेचं नाव त्याने बरोबर लिहिलं होतं. ते युनिफॉर्मच्या खिशावरच विणलेलं होतं.

भूमिका रडू लागली. सगळं पुसून टाकते, खातं बंद करते, आईला सांगू नको, मी मरून जाईन, असं एकात एक बोलू लागली. ताईबाईने तिला कुशीत घेतलं.

"तुनी काय चूक शे? हसून फोटो काढला, ही का चूक? त्यातलं काय पुसायचं आणि काय ठेवायचं ते मला कळत नाही, तुला कळतं. पुरावा राहील असं काय करता येतं?"

भूमिकेने नाक पुसलं. "स्क्रीनशॉट."

"काढ. सगळ्याचे काढ. मग आईला फोन लाव."

"आई रागावेल."

"रागावू दे. ते गुपित आपण दोघींनी ठेवलं आणि त्याने त्यातच घर केलं. चूक माझी जास्त आहे. परवाच मी मेघाला सांगायला हवं होतं, मी तुझ्याबरोबर खेळत बसले."

मेघा अर्ध्या तासात घरी आली, कुंदनला वाटेत फोन करूनच. तिने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. आधी भूमिकेला जवळ घेतलं, इतकं घट्ट की भूमिकेला बोलता येईना. मग ती ताईबाईकडे वळली.

"फुई, तुम्ही तीन दिवस हे ऐकत होतात?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं. चुकलं माझं."

ताईबाई इतक्या सहज चूक कबूल करील असं मेघाला वाटलं नव्हतं. भांडायची तयारी तिची तिच्याकडेच राहिली. मग तो राग फोनवर निघाला. हा फोन आता कपाटात, दहावी होईपर्यंत कपाटात. एवढ्यात कुंदन आला, त्याचं म्हणणं होतं की आत्ता धुळ्याला जाऊ आणि त्याला तुडवू.

"कोणाला तुडवणार?" ताईबाईने विचारलं. "धुळ्यात जो आहे तो बिचारा बारावीत आहे."

"आणि फोन कपाटात टाकला तर पुरावाही कपाटात जाईल," भूमिका हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं सायबर पोलीस ठाण्यात गेली. काळ्या गॉगलातल्या ताईबाईला पाहून दारावरचा शिपाई आपोआप बाजूला झाला. आत ज्योती नावाची महिला हवालदार होती, तिशीची, बोलायला शांत. तिने भूमिकेचं सगळं ऐकलं, आई-वडिलांना मध्ये बोलू दिलं नाही. स्क्रीनशॉट पाहिले आणि विचारलं, "धमकी आल्यावर घरी किती वेळाने सांगितलंस?"

"लगेच. म्हणजे फुईआजीला तेव्हाच, आईला अर्ध्या तासात."

"शाबास. माझ्यासमोर मुली येतात त्या चार-चार महिन्यांनी येतात. तोवर त्यांनी तो मागेल ते पाठवलेलं असतं." मग तिने पुढचं नीट समजावलं. त्याला आता एक अक्षरही उत्तर द्यायचं नाही. काही पाठवायचं नाही, काही पुसायचं नाही. खात्याची तक्रार ती इथूनच करते आहे. शाळेत मुख्याध्यापिकांना आईने आजच भेटून ठेवायचं, म्हणजे त्याने खरंच काही पाठवलं तरी तिथे कोणी गडबडणार नाही.

लिहून झाल्यावर ज्योती ताईबाईकडे बघत राहिली.

"तुम्ही पारोळ्याच्या ताईबाई ना?"

"ओळखते का मला?" ताईबाई खुलली.

"माझा बायोडेटा होता तुमच्याकडे. सहा वर्षं झाली."

"मग जमलं का कुठे?"

"जमलं, पण दुसरीकडून." ज्योती हसली, पण लगेच हसू आवरलं. "रागावू नका. तुमच्या ग्रुपवर माझा फोटो होता, जन्मतारीख होती, आईचा नंबर, घरचा पत्ता, गल्लीसकट. अडीचशे माणसांचा ग्रुप. त्यात कोण कोण होतं, तुम्हाला माहीत होतं?"

ताईबाईने नकारार्थी मान हलवली.

"एका माणसाने मला वर्षभर फोन करून छळलं. त्याला लग्न करायचंच नव्हतं. मी पोलीस खात्यात आले ती थोडी त्याच्यामुळेच." तिने कागद सारखे केले. "त्या माणसाला त्या मुलाचा मामा कळला, तो त्या मुलाने जगापुढे मांडून ठेवला म्हणून. आणि मुलींचं तर आपण मोठी माणसंच मांडून ठेवतो."

परतताना ताईबाईने रिक्षावाल्याचं गावसुद्धा विचारलं नाही. कुंदनला वाटलं, तिचा डोळा दुखतोय.

दुपारी तिने भूमिकेला बसवलं आणि ग्रुपमधले बायोडेटा एकेक करून वाचायला लावले. मुलीचा पत्ता आला की काढ. आईचा नंबर आला की काढ, तिथे माझा नंबर टाक. फोटो काढ, लिही, चौकशी पटल्यावर फोटो घरी दाखवला जाईल. जुने मेसेज जेवढे पुसता येतील तेवढे पूस. दोन दिवस हेच चाललं. ग्रुपवर ओरड झाली. एका काकाने लिहिलं, फोटोशिवाय स्थळ म्हणजे झाकून ठेवलेली भाजी. ताईबाईने भूमिकेकडून उत्तर लिहवून घेतलं: भाजी घ्यायची तर मंडईत जा. शंभरेक जण ग्रुप सोडून गेले. ते कोण होते याची नावं ताईबाईने ऐकून घेतली, आणि त्यातली निम्मी तिला कुठल्याच गावात, कुठल्याच घरात बसवता आली नाहीत.

ते खोटं खातं तक्रारीनंतर चौथ्या दिवशी बंद झालं. शाळेच्या कोणत्याही ग्रुपवर काही आलं नाही. तरी भूमिका आठवडाभर दर तासाला फोन उघडून बघायची आणि रात्री मेघाजवळ झोपायची. मेघाने फोन कपाटात ठेवला नाही, पण जेवायच्या वेळी सगळ्यांचेच फोन टीव्हीशेजारी जाऊन बसू लागले, कुंदनचासुद्धा. महिन्याने ज्योतीचा फोन आला. माणूस सापडला होता, दुसऱ्या जिल्ह्यातला, एक्केचाळीस वर्षांचा. अशी तीन खाती तो चालवत होता, तीन वेगवेगळ्या मुलांचे चेहरे लावून. आणखी पाच मुलींच्या घरच्यांनी आता तक्रार दिली होती, आणि त्यातल्या दोघींना भूमिका ओळखत होती.

त्याच सुमारास ताईबाई डोळा दाखवायला पुन्हा जळगावला आली, आणि त्याच दिवशी धुळ्याहून स्वप्नीलची आई लेकाला घेऊन आली. लग्नासाठी सोनं घ्यायचं होतं आणि मेघाची पेढी आता ओळखीची झाली होती. पण मुलाने स्वतःच्या तोंडाने त्या पोरीची माफी मागितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

मेघाने सगळ्यांना जेवायला थांबवलं, वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. स्वप्नील हाडकुळा होता, कपाळावर मुरुमं, आणि ताटाखेरीज कुठेही बघेना. आईने दोनदा कोपराने डिवचल्यावर म्हणाला, "सॉरी. माझ्या फोटोमुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही झालं," भूमिका म्हणाली.

भूमिकेने विचारलं, क्रिकेट कसं चाललंय. तो म्हणाला, ठीक. तिने विचारलं, बारावीचा अभ्यास कसा आहे. तो म्हणाला, आहे.

भाकरी घ्यायला ती स्वयंपाकघरात आली तेव्हा ताईबाईच्या कानाशी लागून कुजबुजली, "खोट्याला गप्पा तरी मारता येत होत्या."

"त्याला त्याचाच सराव होता," ताईबाई म्हणाली. "हा शिकेल हळूहळू. मामा चांगला आहे."

"फुईआजी."

"नाही, मी काही बोलले नाही."

जेवण झाल्यावर स्वप्नीलने चाचरत विचारलं, खातं परक्यांना बंद ठेवायची सोय नेमकी कुठे असते, त्याने दोनदा शोधली पण सापडली नाही. हे इतकं सोपं कोणाला न यावं याचं भूमिकेला नवल वाटलं. ती फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि त्याला एकेक पायरी दाखवू लागली: हे बंद कर, ठिकाण दिसणं बंद कर, अनोळखी कोणाचा मेसेज यायचा नाही असं कर, आणि हा मळ्यातला फोटो ठेव हवं तर, पण खालचं गावाचं नाव काढ.

"मामाला वाईट वाटेल," स्वप्नील म्हणाला. हे त्याचं त्या दिवसाचं सगळ्यात लांब वाक्य होतं.

"मामाला फोन करून सांग," भूमिका म्हणाली. "त्यांना फोन केलेला जास्त आवडतो."

मेघा ओट्याशी भांडी लावत दोघांकडे अधूनमधून बघत होती. ताईबाईने नव्या डोळ्याने ती दोन डोकी एका फोनवर वाकलेली पाहिली, अगदी स्पष्ट, केसांतल्या तेलाच्या चमकीसकट. तिच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. तिने ते गिळलं आणि स्वप्नीलच्या आईला विचारलं, सोनं कोणाच्या लग्नासाठी घेताय, आणि मुलीचे मामा कुठले.